वाऱ्याच्या हवाली

आमच्या धर्मग्रामातील यात्रेकरूंचा एक गट संत पौलाच्या पाऊलवाटांनी फिरण्यासाठी तुर्कस्तानला जाणार होता. प्रवास-कंपनीने पाठविलेल्या कार्यक्रमपत्रिकेत इफिस, स्मुर्णा, पर्गम अशी बायबलमुळे ओळखीची झालेली नावे होती आणि शेवटून दुसऱ्या दिवसापुढे एक ओळ होती : 'कप्पदुकिया : पहाटे बलूनमधून आकाशसफर. ऐच्छिक. शुल्क वेगळे.' रविवारच्या मिस्सेनंतर सभागृहात बैठक भरली, तेव्हा गटातील वयाने सर्वांत वडील अशा एका निवृत्त शिक्षिकेने (सारा गाव त्यांना बाई म्हणतो) उभे राहून विचारले, "पैसे भरायचे की नाही ते मागाहून ठरवू. त्या टोपलीत बसल्यावर माणसाचं होतं काय, ते आधी कुणीतरी सांगा."

कोणालाच सांगता येईना. कंपनीच्या माहितीपत्रकात 'अविस्मरणीय' हा शब्द चार वेळा होता. बाईंच्या प्रश्नाचे उत्तर एकदाही नव्हते. आम्हांला जुनी पुस्तके चाळण्याचा नाद आहे हे ठाऊक असल्यामुळे फादरांनी हे काम मोठ्या खुबीने आमच्याकडे सोपविले. आम्हीही तोवर फुग्यात कधी बसलो नव्हतो. तेव्हा जे सर्वांच्या आधी वर गेले त्यांनाच विचारावे, असे आम्ही ठरविले. पुढच्या बैठकीत जे सांगितले त्याचाच हा विस्तार आहे. त्यात नंतर प्रत्यक्ष पाहिलेल्या दोन-चार गोष्टींची भर घातली आहे.

या शोधात एक गोष्ट पुन:पुन्हा आमच्या नजरेस आली. फुग्याच्या इतिहासात माणसाने अपेक्षा केली एक आणि घडले दुसरेच, असे प्रत्येक टप्प्यावर दिसते. आरंभ एका येशूसंघीय धर्मगुरूपासूनच करू. इटलीतील ब्रेशिया गावचे फादर फ्रांचेस्को लाना दे तेर्झी यांनी १६७० साली एका ग्रंथात आकाशनौकेचा आराखडा प्रसिद्ध केला. हवेला वजन असते हे तोवर सिद्ध झाले होते. मग तांब्याच्या अतिशय पातळ पत्र्याचे चार मोठे गोळे करून त्यांतील हवा काढून टाकली, तर ते हवेहून हलके होतील आणि खाली बांधलेली नाव उचलतील, असा त्यांचा तर्क होता. तर्काच्या मुळात चूक नव्हती. मात्र इतका पातळ पत्रा बाहेरच्या हवेच्या दाबाने चिरडला गेला असता. आम्हांला त्या ग्रंथातील पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटला. अशा नौकेतून शहरांवर आग टाकता येईल, कोणतीच तटबंदी सुरक्षित राहणार नाही, म्हणून परमेश्वर हे यंत्र कधी यशस्वी होऊ देणार नाही, असे त्यांनी लिहून ठेवले. ब्रेशिया त्या काळी व्हेनिसच्या प्रजासत्ताकात मोडत होते. १८४९ साली ऑस्ट्रियाच्या सैन्याने वेढा घातलेल्या शहरावर बिनमाणसांचे फुगे सोडून बाँब टाकण्याचा प्रयत्न केला. ते शहर होते व्हेनिस. फादर लानांना भविष्य अचूक दिसले होते. भरवसा मात्र त्यांनी परमेश्वरावर टाकला, आणि तो माणसाने मोडला.

यानंतरचा प्रयोग घडला लिस्बनमध्ये, आणि तो आपल्या वसईकरांच्या अगदी घरचा म्हणावा असा आहे. साल १७०९. पोर्तुगालच्या गादीवर राजा पाचवा जुआंव होता. चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसईचा किल्ला जिंकला तोवर आपले पूर्वज याच राजाची प्रजा होते. त्याच्यापुढे ब्राझीलमधील सांतोस गावी जन्मलेले बार्तोलोमेऊ लोरेंसो द गुज्मांव नावाचे एक तरुण धर्मगुरू अर्ज घेऊन उभे राहिले. हवेतून चालणारे यंत्र आपण बनवू शकतो, त्याचा हक्क आपल्याला मिळावा, अशी त्यांची विनंती होती. राजाने ती मान्य केली. ऑगस्ट महिन्यात प्रयोग झाले. एक कागदी फुगा जळून गेला. मग ८ ऑगस्ट रोजी 'कासा द इंडिया'च्या दालनात, म्हणजे आपल्याकडील मिरी-कापडाच्या व्यापाराचे हिशेब जेथे होत त्या वास्तूत, खाली छोटीशी आग पेटवलेला एक फुगा राजा व दरबारी यांच्यासमक्ष छताकडे चढला. पाहणाऱ्यांत पोपमहाशयांचे राजदूत मिकेलांजेलो कोंती होते. हेच पुढे १७२१ साली तेरावे इनोसंट या नावाने पोप झाले.

येथे थोडे थांबले पाहिजे, कारण गुज्मांव यांच्याविषयी दोन कथा फिरतात. पहिली आपल्या लोकांत आवडीने सांगतात : विमानाचा शोध एका कॅथलिक धर्मगुरूने लावला, माँगोल्फिए बंधूंनी नंतर श्रेय लाटले. दुसरी इतरत्र आवडीने सांगतात : धर्मगुरूने शोध लावला खरा, पण इन्क्विझिशनने त्याला जादूगार ठरवून शोध दडपला. आमच्या मते दोन्हींत तथ्य कमी आणि अभिनिवेश जास्त आहे. गुज्मांव यांचा फुगा कागदाचा व लहानसा होता. त्याने माणूस तर राहोच, कोंबडीही उचलली नाही. ज्या पक्ष्याच्या आकाराच्या नौकेची चित्रे त्यांच्या नावावर पुढे युरोपभर छापली गेली, ती कधी उडाली नाही. दुसरीकडे, या प्रयोगानंतर त्यांच्यावर राजाची मर्जी कायम राहिली, १७२० साली स्थापन झालेल्या राजकीय इतिहास-अकादमीचे ते सदस्य झाले. इन्क्विझिशनच्या भयाने ते स्पेनला पळाले हे खरे, पण ते १७२४ साली, म्हणजे फुग्यानंतर पंधरा वर्षांनी. त्याच वर्षी नोव्हेंबरात तोलेदो येथे त्यांचा अंत झाला. इन्क्विझिशनच्या नावावर खऱ्या पापांची यादी पुरेशी लांब आहे. तिच्यात हा फुगा कोंबण्याचे कारण नाही. गुज्मांव यांना द्यायचे ते श्रेय मोजके आणि निर्विवाद आहे : गरम हवेच्या बळावर एक पिशवी वर जाते हे त्यांनी चारचौघांत करून दाखविले. मग ते लोक विसरले.

विसरले म्हणजे इतके की पाऊण शतकानंतर फ्रान्समध्ये सारे पुन्हा मुळापासून शोधावे लागले. आनोने गावी माँगोल्फिए घराण्याची कागदाची गिरणी होती. सोळा भावंडांतला जोझेफ हा स्वप्नाळू, तर धाकटा एतिएन व्यवहारी. विस्तवावर धरलेले कापड फुगून वर येते हे पाहून जोझेफला कल्पना सुचली असे सांगतात. १७८२ च्या नोव्हेंबरात आव्हिन्यों येथे त्याने रेशमी कापडाची छोटी पेटी करून तिच्याखाली कागद जाळले आणि पेटी छताला टेकली. लिस्बनचेच ते छत जणू! मात्र जोझेफपाशी कागदाची गिरणी होती, आणि भाऊ होता. ४ जून १७८३ रोजी दोघांनी आनोनेच्या चौकात, जिल्ह्याच्या सभासदांसमोर, कागदाचे अस्तर लावलेल्या आणि गुंड्यांनी जोडलेल्या कापडाचा प्रचंड गोल उडवला. तो सुमारे दहा मिनिटे वर राहून दोनेक किलोमीटरवर उतरला.

गंमत अशी की, आपला फुगा का उडतो हे या बंधूंना नीट माहीत नव्हते. धुरातच एखादा हलका वायू असतो, अशी त्यांची समजूत होती. म्हणून ते मुद्दाम ओले गवत आणि लोकर जाळीत, जेणेकरून धूर भरपूर व्हावा. खरे कारण साधे आहे. हवा तापली की पसरते आणि तितक्याच जागेत कमी वजनाची मावते. समुद्रसपाटीला एक घनमीटर हवेचे वजन साधारण सव्वा किलो. तीच शंभर अंशांपर्यंत तापवली तर एक किलोच्याही खाली येते. म्हणजे एका घनमीटरमागे जेमतेम पाव किलो वजन उचलले जाते. पाव किलो म्हणजे किती? बाजारात आपण घेतो तितकी मिरची. म्हणूनच फुगा एवढा अवाढव्य लागतो. तीन हजार घनमीटरचा फुगा असला तरच कापड, टोपली, इंधन आणि माणसे मिळून सात-साडेसातशे किलो उचलतील.

पॅरिसला ही बातमी पोहोचली तेव्हा तेथील पदार्थविज्ञानाचे अध्यापक जाक शार्ल यांनी वेगळा मार्ग धरला. लोखंडाच्या किसावर गंधकाम्ल ओतून त्यांनी हायड्रोजन तयार केला व रबराचा लेप दिलेल्या रेशमी फुग्यात भरला. २७ ऑगस्ट १७८३ रोजी पॅरिसच्या मैदानातून सोडलेला तो रिकामा फुगा पाऊण तासाने गोनेस नावाच्या खेड्यात पडला. आकाशातून आलेला, जमिनीवर धपापणारा, फाटताच दुर्गंधी सोडणारा तो प्राणी पाहून गावकऱ्यांनी त्याला काट्या-कुऱ्हाडींनी भोसकले आणि घोड्याच्या शेपटीला बांधून फरफटत नेले. पॅरिसमधील शहाण्यांनी यावर पुष्कळ विनोद केले. आम्हांला मात्र त्या गावकऱ्यांना हसवत नाही. त्यांना कोणी आगाऊ काही कळविलेलेच नव्हते. सरकारला हे सुचले ते नंतर : आकाशात काळसर चंद्रासारखे काही दिसले तर घाबरू नये, तो कापडाचा फुगा असतो, अशा अर्थाचे जाहीर पत्रक काढण्यात आले.

आता प्रश्न उभा राहिला तो नेमका बाईंचा : वर गेल्यावर जिवाचे होते काय? उंचावरच्या हवेत श्वास घेता येतो की नाही, हेही कोणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. १९ सप्टेंबरला व्हर्सायच्या राजवाड्यापुढे, राजा सोळावा लुई आणि राणी यांच्यासमोर, एका पिंजऱ्यात मेंढी, बदक आणि कोंबडा यांना वर पाठविण्यात आले. आठेक मिनिटांनी ती मंडळी सुमारे तीन किलोमीटरवरच्या झाडीत सुखरूप उतरली. कोंबड्याचा पंख दुखावलेला आढळला. उंचावरच्या हवेचा परिणाम म्हणून त्यावर गंभीर चर्चा झाली. पण निघण्यापूर्वीच मेंढीने त्याला लाथ मारली होती, असे साक्षीदारांनी सांगितल्यावर शास्त्रज्ञांना हायसे वाटले. मेंढीची रवानगी राणीच्या प्राणिसंग्रहात झाली.

माणसाची पाळी आली तेव्हा राजाने सुचविले की, फाशीची शिक्षा झालेल्या दोन कैद्यांना पाठवावे. जगले तर सुटतील. म्हणजे राजाची अपेक्षा काय होती ते उघडच आहे. मेत्स गावच्या पिलात्र द रोझिए या एकोणतीस वर्षांच्या तरुणाला हे सहन होईना. आकाशात प्रथम जाण्याचा मान गुन्हेगारांना का द्यावा, असे त्याचे म्हणणे. मार्की दार्लांद या सरदाराने राजदरबारी रदबदली केली आणि बक्षीस म्हणून सोबतीची जागा मागून घेतली. आम्हांला येथे एक विचार शिवून गेला. त्या दोन कैद्यांची नावे कोणी विचारली नाहीत. पिलात्रचा स्वाभिमान थोर खरा. पण त्यामुळे दोघांची सुटकेची एक संधी गेली, हेही तितकेच खरे.

२१ नोव्हेंबर १७८३ रोजी दुपारी दोनच्या सुमारास पॅरिसजवळच्या ला म्युएत या वाड्याच्या बागेतून निळ्या व सोनेरी रंगांचा तो फुगा सुटला. आजच्यासारखी टोपली नव्हती. फुग्याच्या तोंडाभोवती एक गोल सज्जा होता. तोल राहावा म्हणून दोघे समोरासमोरच्या बाजूंना उभे, मध्ये शेगडी. एकमेकांचे तोंड दिसणेही कठीण. दोघांनी हातांनी गवत टाकीत विस्तव पेटता ठेवायचा. दार्लांद यांनी या प्रवासाचे वर्णन नंतर एका पत्रात लिहिले, आणि बाईंना द्यायचे पहिले उत्तर आम्हांला त्या पत्रात सापडले. वर निघाल्यावर त्यांना आश्चर्य वाटले ते भीतीचे नव्हे, तर शांततेचे. खाली जमलेला अफाट समुदाय इतका निश्चल आणि मुका झाला होता, की यांना वाटले लोक घाबरले असावेत. म्हणून त्यांनी हात हलवून, रुमाल फडकवून धीर दिला. मग ते खाली सेन नदीची वळणे न्याहाळीत बसले आणि गवत टाकायचे विसरले. पलीकडून पिलात्रने झापले. एवढ्यात वरून कट्कन आवाज आला. पाहतात तो कापडाला ठिणग्यांनी भोके पडलेली, काही दोऱ्या जळून तुटलेल्या. सोबत ओला स्पंज आणि पाण्याची बादली होती. विझवाविझव करीत, घरांच्या छपरांवरून, पंचवीस मिनिटांनी ते पॅरिसच्या दुसऱ्या अंगाला पवनचक्क्यांच्या टेकाडावर उतरले. अंतर सुमारे नऊ किलोमीटर, उंची नऊशे मीटरांच्या आसपास. पिलात्रने उष्म्यामुळे काढून ठेवलेला कोट जमावाने आठवण म्हणून फाडून वाटून घेतला.

दहाच दिवसांनी, १ डिसेंबरला, शार्ल आपल्या हायड्रोजनच्या फुग्यातून निघाले. सोबत निकोला रोबेर हे कारागीर होते. हा फुगा पाहिला की त्याची रचना आजही चालू आहे हे कळते : दोरांचे जाळे, खाली लोंबती टोपली, खाली यायला वरची झडप, वर जायला फेकून द्यावयाची वाळू. दोन तासांनी सूर्यास्ताच्या सुमारास ते सुमारे छत्तीस किलोमीटरवरील नेल खेड्याच्या कुरणात उतरले. शेतकरी धावत आले. गोनेसच्या गावकऱ्यांसारखे काट्या घेऊन नव्हे, मदतीला. आसपासच्या गावांचे धर्मगुरू आणि पाटील आले, तेव्हा शार्ल यांनी तेथेच कागदावर प्रवासाचा वृत्तान्त लिहिला आणि त्यांच्या सह्या घेतल्या. पॅरिसच्या विद्वानांपुढे ठेवायच्या पुराव्यावर खेड्यातल्या फादरांची सही! मिस्साग्रंथ आणि बाप्तिस्म्याची वही यांपलीकडे त्या हाताने क्वचितच काही लिहिले असेल.

रोबेर उतरले तशी टोपली हलकी झाली. शार्ल एकटेच पुन्हा निघाले आणि फुगा बाणासारखा तीन हजार मीटरांच्या आसपास चढला. कडाका पडला, कानात व जबड्यात असह्य कळ आली. पण खाली मावळलेला सूर्य त्यांना वर पुन्हा दिसला, आणि त्या दिवसातला दुसरा सूर्यास्त त्यांनी पाहिला. सुखरूप खाली आले. त्यानंतर ते जवळजवळ चाळीस वर्षे जगले, पण फुग्यात पुन्हा कधी बसले नाहीत. का, याचा खुलासा करण्याची आम्हांला गरज वाटत नाही; काही गोष्टी एकदाच पाहायच्या असतात.

बैठकीतल्या भगिनींसाठी आम्ही एलिझाबेथ तिब्ल यांचे नाव मुद्दाम सांगितले. ४ जून १७८४ रोजी ल्यों येथे मोकळ्या फुग्यातून वर जाणारी ही पहिली स्त्री. वर पोहोचल्यावर ती गाऊ लागली. पुढच्या वर्षी जानेवारीत ब्लांशार व जेफ्रिज या दोघांनी इंग्लिश खाडी ओलांडली. फुगा समुद्राकडे उतरू लागला तेव्हा त्यांनी वाळू, सामान, शेवटी अंगावरचे कपडेही फेकले, आणि फ्रान्सच्या भूमीवर कुडकुडत पाय ठेवला.

पिलात्र द रोझिए याला हीच खाडी उलट दिशेने ओलांडायची होती. त्याने वर हायड्रोजनचा गोल आणि त्याखाली गरम हवेची पिशवी, असा जोडफुगा केला. १५ जून १७८५ रोजी निघाल्यावर अर्ध्या तासाच्या आत तो कोसळला. पिलात्र आणि त्याचा साथी रोमँ दोघेही ठार झाले. आकाशात जाणारा पहिला माणूस हाच आकाशातून पडून मरणाऱ्या पहिल्या दोघांपैकी एक ठरला. असे असूनही त्याची मूळ कल्पना चुकीची नव्हती. पुढे ज्वालाग्राही हायड्रोजनच्या जागी न जळणारा हेलियम आला, आणि १९९९ च्या मार्च महिन्यात पिकार व जोन्स यांनी फुग्यातून न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली ती अशाच जोडफुग्यातून. या जातीच्या फुग्यांना आजही 'रोझिए' म्हणतात.

गरम हवेचा फुगा मात्र मधल्या काळात मागे पडला. हायड्रोजनने बाजी मारली. गवत जाळून किती वेळ उडणार? तो परत आला तो अमेरिकेत. नेब्रास्का राज्यातील ब्रुनिंग येथे २२ ऑक्टोबर १९६० रोजी एड योस्ट यांनी नायलॉनच्या फुग्याखाली प्रोपेन वायूचा बर्नर लावून उड्डाण केले. आपल्या घरच्या सिलिंडरचाच हा भाऊबंद. आजची प्रत्येक सफर योस्ट यांच्या त्या सकाळीवर उभी आहे. या प्रकारच्या फुग्याने गाठलेल्या उंचीत आपल्या महाराष्ट्राचाही वाटा आहे : २६ नोव्हेंबर २००५ रोजी उद्योगपती विजयपत सिंघानिया मुंबईहून हवाबंद कुपीत बसून २१,०२७ मीटरपर्यंत चढले आणि सिन्नर तालुक्यातील पांचाळे गावी उतरले.

हे सारे ऐकून बाई म्हणाल्या, "म्हणजे सुकाणू नाहीच?" नाही. आम्ही प्रामाणिकपणे सांगितले की, चालकाच्या हाती फक्त उंची असते. वेगवेगळ्या थरांत वारा वेगवेगळ्या दिशांनी वाहतो, तेव्हा वर-खाली होत हवा तो वारा पकडायचा, एवढीच त्याची कला. कोठे उतरायचे हे निघताना कोणालाच ठाऊक नसते. म्हणून फुग्यामागे जमिनीवरून एक गाडी धावत असते. बाईंनी पैसे भरले. शंका विचारणाऱ्या दोन तरुणांनी भरले नाहीत.

कप्पदुकियात पहिल्या पहाटे आम्ही कडाक्याच्या थंडीत तासभर वाट पाहिली आणि वारा जास्त म्हणून परवानगी नाकारली गेली. तेथे रोज पहाटे विमानवाहतूक खाते वारा पाहून ठरविते; त्यापुढे चालकाचे काही चालत नाही. काहीजण चिडले. पिलात्रच्या मरणाची हकिगत ज्यांनी लक्ष देऊन ऐकली होती ते चिडले नाहीत.

दुसऱ्या पहाटे परवानगी मिळाली. आडव्या पसरलेल्या कापडात मोठ्या पंख्याने थंड हवा भरली, मग बर्नरची ज्वाळा आत सोडली, तसा तो डोंगर हळूहळू उभा राहिला. वेताची टोपली छातीइतकी उंच असते. कडेला पाय ठेवायला भोके असतात, त्यांतून चढावे लागते. बाईंना दोघांनी आधार दिला. जमीन सुटली केव्हा ते कोणालाच कळले नाही. हादरा नाही, झोका नाही. वारा लागत नाही, कारण आपण वाऱ्याबरोबरच चाललेलो असतो. हातातल्या कागदाचे पानसुद्धा फडफडत नाही. गच्चीवरून खाली पाहताना पोटात गोळा येतो, तसाही येत नाही. जमिनीशी जोडणारी भिंत नसल्यामुळे असे होते म्हणतात. बर्नर पेटला की कानठळ्या बसतात व डोक्यावर भट्टीची झळ येते. तो थांबला की दार्लांदांची ती शांतता. खालच्या खेड्यातला कुत्रा भुंकलेला स्पष्ट ऐकू येतो.

खाली सुळक्यांच्या दऱ्या होत्या. ज्वालामुखीच्या राखेच्या त्या मऊ दगडात जुन्या ख्रिस्ती लोकांनी मंदिरे आणि मठ कोरले. संत बेसिल याच मुलखातले, त्यांचे धाकटे बंधू निस्साचे ग्रेगरीही. पेंटेकॉस्टच्या दिवशी यरुशलेमेत जमलेल्यांत कप्पदुकियाचे लोक होते, हे प्रेषितांच्या कृत्यांत आपण दरवर्षी ऐकतो. आज तेथे त्या मंदिरांत मिस्सा होत नाही. उंचावरून ती काळी दारे चिमण्यांच्या घरट्यांएवढी दिसत होती. आमच्यापैकी कोणीतरी मराठीत जपमाळ सुरू केली, आणि चालकाने न सांगता बर्नर शक्य तितका बंद ठेवला.

उतरताना मात्र चालकाचा स्वर बदलला. कॅमेरे आत, पाठ प्रवासाच्या दिशेला, गुडघे किंचित वाकलेले, हात दोरीच्या कड्यांवर. हे सारे त्याने तीन वेळा वदवून घेतले. टोपली एकदा जमिनीला लागली, उचलली गेली, पुन्हा लागली आणि थोडी फरफटून कलंडली. आम्ही एकमेकांवर रेललो. कोणाला काही झाले नाही. आम्ही कोणा शेतकऱ्याच्या भोपळ्यांच्या शेतात होतो. तेथे बियांसाठी भोपळे लावतात. गर वाळत पडलेला होता आणि दोन भोपळे आमच्या टोपलीने फुटले होते. गाडी अजून आलेली नव्हती. बांधावरून एक म्हातारा हातात काठी घेऊन येताना दिसला, तसे आमच्यातले काही गप्प झाले. चालक पुढे होऊन त्याच्याशी बोलला. म्हाताऱ्याने फुटलेल्या भोपळ्यांकडे पाहिले, कलंडलेल्या टोपलीकडे पाहिले, आणि बाईंना उठायला काठीचा आधार दिला. बाईंनी पिशवी उघडून आगाशीहून आणलेली सुकेळी काढली, एक सोलून त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती आधी हुंगली, मग खाल्ली, आणि आणखी एक मागितली.